अम्मींसाठी एक डबा

अम्मींना गोल घुमट पाहायचा होता. सोलापूरहून विजापूर सुमारे १०० किलोमीटर. पण गुडघ्यांमुळे त्यांना तासाभराने आडवे व्हावेच लागते, आणि मे महिन्यात इथला पारा ४० अंशांवर. म्हणून आम्ही घरच्या डबल केबिन पिकअपवर मागे डबा बांधायला घेतला.

पत्र्याचा डबा उन्हात तव्यासारखा तापतो. कारागिराने फायबरग्लासचे सँडविच पॅनल सुचवले : दोन्ही बाजूंना फायबरचे पातळ थर, मधे फोम. वजनाला हलके, आणि फोम उष्णता अडवतो. घाईत आम्ही दाराचे बिजागर नुसत्या पॅनलमध्येच स्क्रूने बसवले, आठवड्यात उखडले. फोम स्क्रू धरत नाही. मग आत लाकडी ठोकळे चिकटवले, कडा सीलंटने बंद केल्या. पाणी शिरले की थर सुटतात. छताला हवेसाठी झडप ठेवली. या बदलाला आरटीओची मंजुरी आधीच घेतली होती.

गाडी चालू असताना डब्यात कोणी बसायचे नाही, हा नियम. भीमा ओलांडली, कर्नाटक लागले, तेव्हा लिंबाखाली थांबलो. अम्मींनी डब्यात पाय पसरले. विजापुरात जोहरही तिथेच बसून अदा केली.

१६५६ साली पूर्ण झालेला मुहम्मद आदिलशाहचा तो मकबरा! अम्मींना जिने चढणे शक्य नव्हते. मुलांनी वरच्या सज्जातून "दादी!" अशी हाक मारली, ती घुमटात फिरून फिरून परत आली. खाली बसलेल्या अम्मींचे डोळे भरले.

परतताना म्हणाल्या, "आता गुलबर्ग्याला कधी?"