पळीभर तेल

अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा पडणार म्हणून १९७९च्या जुलैत चाळीसगावात जी धांदल उडाली, ती आठवली की अजून हसू येतं. कुणी म्हणे तापीत पडणार, कुणी म्हणे थेट गिरणा धरणात. शेजारच्या काकूंनी ठेवणीतलं तूप काढून आम्हा पोरांना पुरणपोळ्या खाऊ घातल्या, उगीच मागे राहायला नको म्हणून. आजीला राग आला तो अमेरिकनांचा. "तठे जाईसन काय करतस त्या?" असं ती येईल त्याला विचारायची. ११ जुलैच्या रात्री स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. तूप तेवढं संपलं.

त्याच्या महिनाभर आधी, ७ जूनला, आपला 'भास्कर' उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून वर गेला होता. त्याची कुणी एवढी चर्चा केली नाही. नाव दोन्ही भास्कराचार्यांवरून ठेवलेलं. त्यांतल्या दुसऱ्यांचं नाव आमच्या तालुक्यातल्या पाटणशी जोडलेलं. गुरुजींनी हे सांगितल्यावर मला वाटलं, आपल्याच भागातला माणूस वर गेला. पण या भास्कराला वर जाऊन खाली बघायचं होतं: जंगलं, बर्फ, समुद्र. मी जरा हिरमुसले. मला चंद्र हवा होता, मंगळ हवा होता. २००० सालापर्यंत तिथे वस्ती होणार, असं वाचनालयातल्या पुस्तकांत छापलेलंच होतं.

कॉलेजसाठी जळगावला आले. १९८९च्या ऑगस्टात व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेलं आणि तो निळा गोळा वर्तमानपत्रात छापून आला. कात्रण वहीत चिकटवताना वाटलं, ही तर सुरुवात आहे. नेपच्यूनकडे त्यानंतर आजवर एकही यान गेलेलं नाही. युरेनसचंही तेच, तिथे १९८६नंतर कुणी फिरकलं नाही. चंद्रावर १२ माणसं चालून आली, शेवटची १९७२च्या डिसेंबरात. तेव्हा मी चालायला शिकले असेन-नसेन. आता निवृत्त झाले, तरी तेरावं पाऊल पडायचंय.

याचं एक उत्तर पैशांत आहे. १९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला चार टक्क्यांहून जास्त वाटा नासाकडे जात होता. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. रशियाला हरवायचं होतं, हरवलं, पाकीट खिशात गेलं. ईर्ष्येवर चाललेलं काम ईर्ष्या संपली की थांबतं, यात नवल नाही.

धुळ्याला शिकवायला लागल्यावर मुलांची सहल पाटणला नेली, तेव्हा तिथल्या शिलालेखाबद्दल नीट वाचलं. साल १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालत राहावं म्हणून त्याने मठ काढला. लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत मठाच्या उत्पन्नाची सोय लिहिली आहे: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर इतकं, आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल. मला भास्कराचार्यांच्या गणितापेक्षाही (ते मला फारसं झेपतही नाही) हे तेल मोठं वाटलं. ग्रहगणितासाठी खान्देशातला तेली रोजच्या धंद्यातून वाटा देत होता. त्याला ग्रहण वर्तवता येत नसेल, पण ते वर्तवणारे शिकत राहावेत अशी व्यवस्था झाली होती.

व्हॉयेजर-१ अजून चालू आहे ते अशाच चिकाटीवर. १९७७ साली सुटलेलं हे यान २०१२मध्ये सूर्याच्या वाऱ्याचा टापू ओलांडून गेलं. सोबतच्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि ५५ भाषांतल्या अभिवादनांत मराठीही आहे. २०२३च्या नोव्हेंबरात ते अर्थहीन आकडे पाठवायला लागलं. स्मृतीची एक चिप निकामी झाली होती. इंजिनिअरांनी त्या चिपमधली आज्ञावली तुकडे करून दुसरीकडे हलवली आणि एप्रिलमध्ये यान शुद्धीवर आलं. तेव्हा एक निरोप पोचायला साडेबावीस तास लागत, उत्तर यायला तेवढेच. वीज दरवर्षी थोडी घटते, म्हणून एकेक उपकरण बंद करत जायचं. यात झेंडा रोवण्यासारखं काही नाही. मला मात्र चांद्रविजयाहून ही दुरुस्ती अवघड वाटते.

२३ ऑगस्ट २०२३ला चंद्रयान-३ उतरलं, तेव्हा शाळेच्या सभागृहात मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी वर्गात मंगळयानाचा विषय निघाला. साडेचारशे कोटींत झालं, पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोचलं, हे सगळ्यांना पाठ होतं. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं ते यान आठ वर्षं टिकलं, २०२२मध्ये संपर्क तुटला, हे दोघांना माहीत होतं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, दुसरं कधी जाणार?" टाळ्या अजून चालूच होत्या, त्यामुळे तिला प्रश्न दोनदा विचारावा लागला.