अब्बांची जीप

मी शिरूरला शिक्षक आहे, पण माझे बालपण दौंडला गेले. तेथे अब्बांची एक उघडी जीप होती. तिला कापडी हूड होते, पण पावसाळ्याशिवाय अब्बा ते लावत नसत. समोरची काच बॉनेटवर आडवी पाडली की वारा थेट तोंडावर येई. शिरूरला पोहोचेपर्यंत आमच्या भुवयासुद्धा धुळीने पांढऱ्या होत. काही स्पोर्ट्स कारना छप्पर नसते, ते मौजेसाठी. जीपला नव्हते, ते वजन वाचवण्यासाठी!

या गाडीची जन्मकथा गमतीची आहे. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. नमुना तयार करायला मुदत दिली अवघ्या ४९ दिवसांची! बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ती पाळली. पण कारखाना छोटा, म्हणून मोठे काम विलीज आणि फोर्ड यांना मिळाले. मला हा बँटमवर अन्यायच वाटतो. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या.

इकडे मुंबईत १९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. तीच कंपनी विलीजच्या जीप आपल्या देशात जोडू लागली. आमची जीप त्याच घराण्यातली.

मी बी.एड.ला प्रवेश घेतला, त्या वर्षी ती अंगणातून नाहीशी झाली. “जुनी झाली होती,” एवढेच अब्बा म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी फीचे पैसे माझ्या हातात ठेवले.

२०२१ मध्ये शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यात जीप रँग्लर जोडली जाऊ लागली. एकदा अब्बा माझ्याकडे आले असताना तशी एक गाडी रस्त्याकडेला उभी दिसली. अब्बांनी समोरच्या जाळीतील फटी मोजल्या. “सातच आहेत. आपल्यासारख्या!” युद्धातल्या विलीज जीपला नऊ होत्या.

मी सांगू लागलो, “हिचे छप्पर निघते, दारेही निघतात. १९८६ साली रँग्लर आली तेव्हा तिचे दिवे चौकोनी होते. १९९६ मध्ये ते पुन्हा गोल झाले आणि पाट्यांच्या जागी गोल स्प्रिंगा आल्या.”

अब्बा वाकून खाली पाहू लागले. “पाटे नाहीत? मग कंबर दुखत नसेल.”

मी धीर करून विचारले, “अब्बा, आपली जीप कितीला गेली होती?”

ते बराच वेळ बॉनेटकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “काच अजून आडवी पडते का, ते विचार.”

मी गाडीच्या मालकाला शोधायला निघालो.