धुरजड आणि उलाळ

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याने गेल्या उन्हाळ्यात कॅराव्हान, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यावयाचे चाकांवरचे घरकुल, विकत घेतले. फोनवर तो मोठ्या उत्साहाने म्हणाला, "काका, आमची मोटार ते सहज ओढते." अभिनंदन करण्याऐवजी आमच्या तोंडून प्रश्न निघून गेला, "ओढते, पण आवरते का?" हा प्रश्न आम्हांस मुडबीच्या रस्त्याने शिकविला. त्याची हकिगत वाचकांस सांगावीशी वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेसाठी बसवकल्याणहून जुनी बाके आणि दोन लोखंडी कपाटे आणावयाची होती. एक जीप आणि तिच्यामागे जोडावयाचा दोन चाकांचा ट्रेलर मिळाला. कपाटे आधी उतरवता यावीत म्हणून आम्ही ती अगदी मागे ठेवविली. शाळेचा शिपाई जातिवंत शेतकरी. त्याने ट्रेलरची दांडी किंचित उचलून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, गाडी उलाळ झाली. कपाटं पुढं सरकवू या."

'उलाळ' हा शब्द आम्ही कोशात वाचलेला होता. मागे भार अधिक झालेली गाडी ती उलाळ. पुढे अधिक झालेली ती धुरजड. अर्थ ठाऊक होता, परंतु एम.ए.च्या पदवीने त्याचे वजन कधी हातात घेतले नव्हते. "अरे, ही काय बैलगाडी आहे? पुढे इंजिन आहे," असे म्हणून आम्ही त्याला गप्प केले. इतकेच नव्हे, तर मदतीस आलेल्या तीन मुलांना बाकांवर बसू दिले.

उतार लागला, वेग वाढला आणि ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागला. चालकाने घाबरून करकचून ब्रेक दाबला. मागचा भार जीपला ढकलू लागला, जीप आडवी फिरली आणि बांधाला अडली. एक मुलगा तुरीत फेकला गेला; त्याचा हात मोडला. त्याची आई आम्हांस एवढेच म्हणाली, "गुरुजी, तुम्ही होता म्हणून पाठवलं होतं." त्या वाक्याला आमच्याजवळ आजही उत्तर नाही.

शिपाई मात्र एक शब्दही बोलला नाही. त्याने कपाटे आसाच्या थोडी पुढे सरकवून घट्ट बांधली आणि पुन्हा दांडी उचलून पाहिली. पुढे एकदा आम्हीच विचारले, तेव्हा त्याने समजावून दिले. गाडी उलाळ झाली की जू वर उचलले जाते आणि जोते बैलाचा गळा आवळते. फार धुरजड झाली की बैलाची मान सोलते. जुवावर बेताचा भार हवा. आणि बैल गाडीला साजेसे हवेत. चढाला ओढणारी जोडी उताराला गाडी तोलून धरीलच असे नाही.

मोटारीचे शास्त्र याहून निराळे नाही. मागे भार झाला की मोटारीची मागील चाके हलकी होऊन त्यांची पकड सुटू लागते. म्हणूनच ब्रिटनमध्ये सल्ला देतात, की भरलेल्या कॅराव्हानचे वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे. मोटार १५०० किलोंची, तर कॅराव्हान सामानासह १२७५ किलोंपर्यंत. मोटारीच्या कारखान्याने ठरविलेली ओढण्याची मर्यादा याहून कमी असल्यास तीच पाळावयाची. जोडावरचा भार कॅराव्हानच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, पण जोडाला सोसेल तेवढाच. १२०० किलोंना ६० ते ८४ किलो. जड सामान खाली, आसाजवळ. हेलकावे सुरू झालेच, तर सुकाणू सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा. ब्रेक करकचून दाबू नये. आणि कॅराव्हान चालू असताना तिच्यात माणूस बसवू नये. हे शेवटचे वाक्य पुतण्याला सांगताना आमचा आवाज जड झाला.

पुतण्याने सामानासकट वजन करून घेतले. कॅराव्हान बसत होती, पण पाण्याचे डबे आणि मुलांच्या सायकली साऱ्या मागच्या टोकाला होत्या. त्या पुढे सरकल्या, मगच मंडळी निघाली. परवा त्याची धाकटी कन्या, जिला मराठी जेमतेम येते, फोनवर ऐटीत म्हणाली, "आजोबा, आमची गाडी आता उलाळ नाही."

आम्ही शिपायाच्या घरी जाऊन ते त्याला सांगून आलो.