झांकली मूठ

प्रश्न विचारणें हा शिक्षकाचा नित्याचा व्यवसाय होय. सकाळची प्रार्थना संपून पहिल्या तासाची घंटा झाली कीं शाळा सुटेपर्यंत आम्ही प्रश्न विचारीत असतों. आणि गंमत अशी कीं, ज्यांचीं उत्तरें आम्हांस आधींच ठाऊक असतात असेच प्रश्न आम्ही बहुधा विचारतों. उत्तर ठाऊक नसलेल्या मुलाच्या मनाची काय अवस्था होते हें आम्ही वर्षानुवर्षें समोरच्या बांकावर पाहत आलों आहों. पण स्वतः त्या बांकावर बसण्याचा प्रसंग आम्हांवर क्वचितच येतो. असा एक प्रसंग यंदाच्या स्नेहसंमेलनांत मजवर आला. वाचकांपैकीं जे त्या दिवशीं सभागृहांत हजर होते त्यांस वाटेल कीं, ही तर शिक्षकांच्या विजयाची हकीकत. तींत नवें तें काय? त्यांनीं कृपा करून शेवटपर्यंत वाचावें.

दहावीचे तीन विद्यार्थी एका बाजूस व आम्ही तीन शिक्षक दुसऱ्या बाजूस, असा प्रश्नमंजूषेचा सामना ठेवला होता. मुलांनीं सारा थाट दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाप्रमाणें केला होता. पुठ्ठ्याचे गुणफलक होते, टेबलावर घंटा होत्या, आणि उत्तराची वाट पाहतांना वाजवावयाचें तें काळजांत धडकी भरविणारें संगीतहि त्यांनीं कोठूनसें मिळविलें होतें. उत्तनच्या कोळीवाड्यापासून मीरा रोडच्या उंच इमारतींपर्यंत चहूंकडून पालक मंडळी आली होती. सामना रंगत गेला व दोन्ही पक्षांचे गुण सारखे झाले. आतां एकच प्रश्न उरला: फादर स्टीफन्स ह्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम कोणत्या वर्षीं छापलें गेलें?

प्रश्न प्रथम मुलांकडे गेला. त्यांच्या गटाची प्रमुख असलेल्या मुलीनें सोबत्यांशीं कुजबुज केली, मग ती उभी राहिली व स्वच्छ आवाजांत म्हणाली, “ठाऊक नाहीं. पास.” प्रश्न आम्हांकडे आला. मीं डोळे मिटले, कपाळावर बोट टेकलें, अंमळ थांबलों, आणि मग हळूच म्हणालों, “इसवी सन १६१६.” सभागृह टाळ्यांनीं दुमदुमून गेलें. त्या टाळ्यांविषयींच मला आज लिहावयाचें आहे.

ह्या खेळाची गोडी आपल्या देशांत कशी वाढली हें प्रथम थोडक्यांत सांगतों. भारतांतील पहिली जाहीर प्रश्नमंजूषा १९६७ सालीं कलकत्त्यास नील ओब्रायन ह्यांनीं ‘ख्राइस्ट द किंग’ ह्या देवळाच्या सभागृहांत घेतली असें मानतात. एका धर्मग्रामाच्या साध्या सभागृहांतून ह्या खेळाचा आरंभ व्हावा ही आपल्यासारख्या शाळेस आनंदाची गोष्ट आहे. १९७२ पासून शाळकरी मुलांची बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट नभोवाणीवर ऐकूं येऊं लागली व पुढें ती दूरचित्रवाणीवर आली. १९८५ सालीं सिद्धार्थ बसू ह्यांनीं दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे सामने सुरू केले. ३ जुलै २००० रोजीं ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालें, आणि त्याच वर्षीं मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे ह्यांनीं एक कोटी रुपये जिंकले. तेव्हां मी महाविद्यालयांत होतों. रात्रीं ज्या प्रश्नावर घराघरांत जेवणाचीं ताटें थबकत, त्याच प्रश्नावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाईंदरच्या गाडींत वाद चाले. उभें राहावयास जागा नसे, परंतु मत देण्यास सर्वांस जागा असे.

ह्या खेळांत एखादा प्राध्यापक उतरला म्हणजे प्रेक्षकांची उत्सुकता दुणावते. तो जिंकला तर विद्येचा जय झाला म्हणून आनंद, आणि हरला तर पंडिताची फजिती झाली म्हणून आनंद! बिचाऱ्या प्राध्यापकास मात्र हें दुसरें भय सतत छळीत असतें. ह्या भयानें व मोहानें एका विद्वान माणसाचें काय झालें तें ऐका.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत चार्ल्स व्हॅन डोरेन नांवाचे तरुण अध्यापक इंग्रजी शिकवीत असत. वडील मार्क व्हॅन डोरेन हे त्याच विद्यापीठांत शिकविणारे नामांकित कवि, घराणेंच विद्येचें. १९५६ च्या अखेरीस चार्ल्स ‘ट्वेंटी-वन’ ह्या दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या सामन्यांत उतरले. दोघे स्पर्धक दोन बंद कांचेच्या खोल्यांत कानांवर यंत्र लावून उभे राहत व एकवीस गुणांसाठीं झुंजत. हर्बर्ट स्टेम्पेल नांवाच्या स्पर्धकास हरवून व्हॅन डोरेन पुढें गेले व आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिले. प्रश्न कठीण आला म्हणजे ते ओठ चावीत, घाम पुशीत, स्वतःशींच पुटपुटत, आणि अखेरच्या क्षणीं उत्तर देत. लाखों लोक श्वास रोखून पाहत. १९५७ च्या मार्चमध्यें ते हरले तोंवर त्यांनीं एक लाख एकोणतीस हजार डॉलर मिळविले होते. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचें चित्र झळकलें.

आणि हें सर्व सोंग होतें. प्रश्न व उत्तरें त्यांस आधींच दिलेलीं असत. कोठें अडखळावें, कोठें थांबावें हेंहि शिकविलेलें असे. स्टेम्पेल ह्यांसहि उत्तरें पुरविलीं जात, व ठरल्या दिवशीं मुद्दाम चुकण्यास त्यांस सांगण्यांत आलें होतें. एका चित्रपटाचें नांव त्यांनीं जाणूनबुजून चुकविलें, आणि तो तर त्यांचा स्वतःचा आवडता चित्रपट होता! पुढें बोभाटा झाला. व्हॅन डोरेन ह्यांनीं प्रथम शपथेवर सर्व नाकारलें. परंतु २ नोव्हेंबर १९५९ रोजीं अमेरिकन कायदेमंडळाच्या समितीपुढें त्यांनीं सत्य कबूल केलें. तुमच्यामुळें शिक्षकांचा व विद्येचा लोकांत मान वाढेल, असें सांगून कार्यक्रमवाल्यांनीं आपलें मन वळविलें, असें त्यांनीं त्या वेळीं सांगितलें. विद्यापीठांतील जागा गेली, दूरचित्रवाणीवरील नोकरी गेली. १९६० सालीं असे सामने आधीं ठरवून खेळविणें अमेरिकेंत कायद्यानें गुन्हा ठरलें. व्हॅन डोरेन २०१९ पर्यंत जगले. त्यांतलीं जवळजवळ पन्नास वर्षें ते ह्या प्रकरणाविषयीं जाहीरपणें बोलले नाहींत.

ही हकीकत मला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. नववीच्या वर्गांत ती मीं एकदां नव्हे, दोनदां सांगितली आहे, आणि शेवटीं फळ्यावर ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. आतां माझी गोष्ट सांगतों.

संमेलनाच्या आदल्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत हजेरीपट ठेवावयास गेलों असतां टेबलावर एक कागद उलटा पडलेला दिसला. कोणाचा म्हणून मीं तो सुलटा केला. सामन्याचे प्रश्न होते. मीं तत्काळ कागद होता तसा ठेविला. परंतु शेवटची ओळ तेवढ्यांत वाचून झाली होती. ती ‘ख्रिस्तपुराणा’ची ओळ होती, आणि पुढें कंसांत उत्तर होतें.

मी मराठीचा शिक्षक, आणि ख्रिस्ती. फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, त्यांनीं मराठी आत्मसात केली, ओंवी छंदांत प्रभूचें चरित्र गाइलें, हें मी वर्गांत दरवर्षीं अभिमानानें सांगतों. पण ग्रंथ छापल्याचें नेमकें वर्ष मला ठाऊक नव्हतें. कागद पाहिला नसता तर त्या व्यासपीठावर मलाहि “पास” म्हणावें लागलें असतें.

कागदावर नजर गेली हा मोठा अपराध नव्हे. अपराध पुढें घडला. प्रश्न आला तेव्हां “हा मीं काल पाहिला आहे, दुसरा विचारा,” एवढे शब्द मजजवळ होते. ते ओठांपर्यंत आलेहि. परंतु मनांत आलें, मुलांपुढें शिक्षक हरले तर कसें दिसेल? मराठीच्या मास्तरास ‘ख्रिस्तपुराणा’चें वर्ष ठाऊक नाहीं असें पालक म्हणतील! झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. ती मूठ मीं घट्ट झांकली. नुसतें उत्तर दिलें असतें तरी एक वेळ चाललें असतें. मीं तर डोळे मिटले, कपाळावर बोट टेकलें, विचार करण्याचें सोंग केलें. शिक्षकानें मुलांस शिकवावयाची खरी वस्तु कोणती, तर विचार करणें. आणि मीं त्याचेंच नाटक करून टाळ्या घेतल्या. मला कोणी शिकविलें नव्हतें, पैसा दिला नव्हता. व्हॅन डोरेन ह्यांस मोहांत पाडणारे दुसरे होते. मला मी एकटा पुरलों.

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तीच मुलगी मजकडे आली. म्हणाली, “सर, इतकीं वर्षें तुमच्या लक्षांत कशीं राहतात?” मीं म्हटलें, “वाचन, बाळ. वाचनास पर्याय नाहीं.” तिनें तें वाक्य वहींत लिहून घेतलें. तिची लेखणी कागदावर फिरत असतां मला शुभवर्तमानांतील तें अंगण आठवलें, जेथें शेकोटीपाशीं बसलेल्या पेत्रानें प्रभूस तीन वेळां नाकारलें. मींहि तीन वेळां नाकारलें होतें: एकदां गप्प राहून, एकदां सोंग करून, आणि तिसऱ्यांदा हा उपदेश करून. कोंबडा आरवला नाहीं. सुटी संपल्याची घंटा वाजली.

तरीहि मला धैर्य येण्यास आठ दिवस लागले, हें येथें नमूद करतों. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन सर्व सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें व एवढेंच म्हणाले, “मुलांना तुम्हीच सांगा.” मी दहावीच्या वर्गांत गेलों व उभ्यानेंच सांगितलें. वर्ग अगदीं स्तब्ध झाला. थोड्या वेळानें त्या मुलीनें विचारलें, “म्हणजे सर, तुम्हांला खरोखर ठाऊक नव्हतें?”

“नव्हतें.”

“मलाहि नव्हतें,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून मी पाहत होतों, तेथें मला एक प्रकारची सुटका दिसली.

मागच्या बांकावरून एक चिरंजीव ओरडले, “मग तो गुण आमचा, सर! चषक आमचा!” वर्ग हंसला. पण ती मुलगी त्याच्याकडे वळून म्हणाली, “आपला कसा? आपण पास म्हणालों होतों. गुण कोणाचाच नाहीं.” असा निवाडा झाला. सामना बरोबरींत सुटला असें ठरलें, आणि तो लहानसा चषक आतां अर्धें वर्ष दहावीच्या वर्गांत व अर्धें वर्ष शिक्षकांच्या खोलींत राहावयाचा आहे.

“पास” ह्या शब्दाचा मीं त्यानंतर पुष्कळ विचार केला. बीबीसीवर १९७२ सालीं ‘मास्टरमाइंड’ हा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सुरू झाला. तो ज्यांनीं योजिला ते बिल राइट दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांच्या कैदेंत होते. तेथें शत्रूनें केलेल्या उलटतपासणीवरून त्यांस ही कल्पना सुचली. अंधारांत काळी खुर्ची, तीव्र प्रकाशाचा झोत, आणि एकामागून एक प्रश्न. परंतु त्या भयंकर खुर्चींतहि माणसास “पास” म्हणण्याची मोकळीक आहे. १९८० सालीं त्या खुर्चींत बसून फ्रेड हाउसगो नांवाचा लंडनचा टॅक्सीचालक अजिंक्य ठरला. विद्या पदवीचा पत्ता पाहून येत नाहीं, हें त्या दिवशीं साऱ्या देशानें पाहिलें.

आपल्या महाराष्ट्रांतहि तें दिसलें आहे. अमरावती जिल्ह्यांतील बबिता ताडे ह्या बाई शाळेंत मुलांसाठीं मध्यान्हीची खिचडी शिजवीत व महिन्यास पंधराशें रुपये मिळवीत. २०१९ सालीं ‘कौन बनेगा करोडपती’मध्यें त्यांनीं एक कोटी रुपये जिंकले. पुढचा प्रश्न सात कोटींचा होता. उत्तर चुकलें असतें तर मिळविलेल्यांतलें बहुतेक गेलें असतें. त्यांनीं खेळ तेथेंच थांबविला. त्यांनीं दिलेल्या अचूक उत्तरांचें कौतुक सर्वांनीं केलें. मला त्यांच्या त्या थांबण्याचें कौतुक अधिक वाटतें. आपलें ज्ञान कोठें संपतें ही रेषा त्यांस दिसत होती. पुष्कळ पदवीधरांस ती दिसत नाहीं. मला दिसत होती, आणि ती मीं हातानें झांकली.

सुज्ञ पालकहो, आपलें मूल घरीं “ठाऊक नाहीं” म्हणालें तर त्यास एकदम रागावूं नका. त्या दोन शब्दांनंतर “शोधून सांगतों” हे दोन शब्द येतात कीं नाहीं, एवढेंच पाहा. आणि विद्यार्थी मित्रांनो, शिक्षक तुमच्यापुढें “मला ठाऊक नाहीं” म्हणाले तर त्यांस हंसूं नका. तें म्हणावयास त्यांस किती बळ लागतें हें आतां मला चांगलें समजलें आहे.

त्या दिवशीं तास संपतां संपतां मीं मुलांस सांगितलें कीं, ‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या पहिल्या आवृत्तीची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. त्यावर एका मुलानें हात वर केला: “सर, प्रतच नाहीं, तर तें १६१६ सालीं छापलें हें कशावरून समजलें?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मीं कपाळावर बोट टेकलें नाहीं. म्हटलें, “मला ठाऊक नाहीं. आपण शोधूं.” आमच्यापैकीं चौघे आतां शनिवारीं वाचनालयांत बसतों. जुन्या हस्तलिखितांवरून साल्डान्हा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळुरास काढलेल्या आवृत्तीपर्यंत आमचा माग पोहोंचला आहे. ती मुलगी टिपणें करते, आणि तिच्या वहींत आतां माझीं वाक्यें कमी व आमचे प्रश्न अधिक आहेत. प्रभु आम्हांस हा शोध पुरा करण्याची चिकाटी देवो, आणि मूठ उघडी ठेवण्याचें धैर्य आपणां सर्वांस देवो.