पापुद्र्याची थोरवी

जाड, जड आणि भव्य वस्तूंविषयी माणसाला उपजतच आदर वाटतो. पापुद्र्याची गोष्ट निराळी! कांद्याचा पापुद्रा निघाला की तो केरात जातो. भाकरीला पापुद्रा सुटला तर सुगरणीचे कौतुक होते, एवढाच काय तो त्याचा मान.

वास्तविक पापुद्र्याच्या अंगी मोठी किमया असते. मुले साबणाचे फुगे उडवतात, तेव्हा त्यांवर इंद्रधनुष्याचे रंग खेळतात. ते रंग पाण्यात मुळीच नसतात. फुग्याच्या पातळ पडद्याच्या दोन्ही पृष्ठांवरून प्रकाश परततो. परतणाऱ्या लाटा कोठे एकमेकींस बळ देतात, कोठे एकमेकींना पुसून टाकतात, आणि त्यातूनच रंग उमटतात. पेन्सिलीतले ग्रॅफाइटही असेच थरांचे असते. 2004 साली मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलोव्ह या शास्त्रज्ञांनी साध्या चिकटपट्टीने त्याचा केवळ एका अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला. तेच ग्रॅफीन. 2010 साली या संशोधनाला नोबेल पारितोषिक लाभले.

हिंगोली जिल्ह्यातही अशाच पापुद्र्यांना मानाचे स्थान मिळणार आहे. औंढा नागनाथचे दगडी देऊळ सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांचे कीर्तन ऐकण्यासाठी त्या देवळाने आपले तोंड फिरवले, अशी आख्यायिका आहे. त्याच औंढ्याच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हावयाची आहे. तिला केंद्र सरकारने 2023 साली अंतिम मंजुरी दिली. तिचे कामही ऐकण्याचेच. मात्र विश्वाची चाहूल ऐकण्याचे!

प्रचंड कृष्णविवरे एकमेकांत विलीन होतात, तेव्हा अवकाशात तरंग उठतात. सुमारे 130 कोटी वर्षे प्रवास करून आलेला असा एक तरंग अमेरिकेतील दोन वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी प्रथमच टिपला. असे क्षीण सूर गोंगाटातून ओळखण्याच्या गणिती पद्धती पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील संजीव धुरंधर यांनी कितीतरी वर्षे आधीपासून घडवल्या होत्या.

अशा वेधशाळेला काटकोनात पसरलेले, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीचे दोन बाहू असतात. त्यांतून लेसरचा किरण आरशांमध्ये ये-जा करतो. तरंग आला की बाहूंची लांबी बदलते, पण किती? प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी कमी! एवढे सूक्ष्म अंतर मोजणारा आरसा सामान्य कसा चालेल? सुमारे 40 किलोग्रॅम वजनाच्या काचेवर दोन निरनिराळ्या पदार्थांचे थर आलटून पालटून चढवतात. केसाच्या जाडीत असे शेकडो थर मावतील. प्रत्येक थर थोडा थोडा प्रकाश परतवतो, आणि सर्व मिळून जवळजवळ सगळाच प्रकाश माघारी पाठवतात.

परंतु येथेच खरी अडचण आहे. उष्णतेमुळे या थरांतले अणू सतत थरथरतात, आणि त्या थरथरीत दूरचा संदेश बुडून जाण्याचे भय असते. म्हणून अधिक शांत थर शोधण्यासाठी जगभर संशोधन चालू आहे. दूरचे ऐकू इच्छिणाऱ्याने आधी स्वतः निःशब्द व्हावे लागते, हा नियम पापुद्र्यालाही चुकलेला नाही.

औंढ्याचे देऊळ दगडाच्या बळावर उभे आहे. त्याच भूमीवरील ही वेधशाळा केसाहून कितीतरी पातळ थरांच्या भरवशावर विश्वाकडे कान लावील.