अपडेटची वाट पाहायची की वाट काढायची?

सीमाभागातील मराठी माणसाला प्रतीक्षेचा सराव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण न्यायाची वाट पाहत आहोत. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला, त्याच्या निकालाचीही वाट पाहत आहोत. परंतु खिशातल्या फोनने आपल्याशी मराठीत बोलावे, यासाठीही वर्षभर तिष्ठत राहावे लागेल, असे आम्हांस वाटले नव्हते. विषय वरवर पाहता यंत्राचा आहे, पण मुळात तो भाषेचाच आहे, म्हणून येथे मांडतो.

२०१४ च्या नोव्हेंबरात अँड्रॉइडची ५.० ही आवृत्ती, म्हणजे लॉलीपॉप, प्रसिद्ध झाली. तिच्यात ज्या पंधरा नव्या भाषांची भर पडली त्यांत मराठी होती. त्याच यादीत, त्याच दिवशी, कन्नडही होती. आमच्या फोनवर त्या वेळी ४.४ ही आवृत्ती होती. भाषांच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. देवनागरी मजकूर दिसत असे, पण कसा? ‘डोंगरदऱ्या’ हा शब्द आला की ‘ऱ्या’ मोडून पडे. ऱ्ह, ऱ्य ही मराठीची खास अक्षरे आहेत. दऱ्या डोंगरात असतात आणि दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्याला स्वयंपाक सांगायचा असतो आणि आचार्याला वंदन करायचे असते. हा भेद ज्या पडद्यावर उमटत नाही, त्या पडद्यावर मराठी अर्धीच उमटते.

फोन बनवणाऱ्या कंपनीने ‘लवकरच’ नवी आवृत्ती देऊ असे जाहीर केले होते. आम्ही महिन्यामागून महिने सेटिंगमध्ये जाऊन ‘अपडेट तपासा’ या बटणावर बोट ठेवत होतो आणि ‘तुमची प्रणाली अद्ययावत आहे’ या अर्थाचे तेच वाक्य इंग्रजीत वाचत होतो. सेवा केंद्रातला तरुण मात्र नम्र होता. “सर, पुढच्या महिन्यात नक्की येतंय,” असे त्याने आम्हांला तीनदा सांगितले. चौथ्यांदा विचारल्यावर म्हणाला, “सर, नवीन मॉडेल घेतलासा तर त्यात मराठी आहेच.”

या विलंबाचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. गूगल नवी आवृत्ती प्रसिद्ध करते, तेव्हा ती थेट आपल्या फोनवर येत नाही. आधी चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी लागणारी जुळवणी करून देते. मग फोन बनवणारी कंपनी त्यावर आपला साज चढवते, प्रत्येक मॉडेलवर चाचण्या घेते आणि मगच वाटप होते. या साखळीतील एका दुव्याने ‘जुन्या मॉडेलवर खर्च कशाला?’ असा विचार केला की साखळी तिथेच थांबते. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ पासून चिपशी निगडित भाग वेगळा काढण्याची रचना आली आणि हे काम काहीसे सुकर झाले; पण जुन्या फोनच्या धन्यांना तिचा लाभ क्वचितच मिळाला.

शेवटी आम्ही वाट पाहणे सोडले आणि वाट काढली. अँड्रॉइडची मूळ संहिता खुली आहे. तिचा गाभा असलेला लिनक्स ज्या परवान्याखाली येतो, त्यानुसार तो गाभा वाटणाऱ्याला त्याची संहिताही द्यावी लागते. याच पायावर जगभरच्या स्वयंसेवकांनी २००९ पासून ‘सायनोजेनमॉड’ नावाची प्रणाली उभी केली होती. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या अनेक फोनांसाठी ती उपलब्ध होती, आमच्याही.

काम धीराचे होते. प्रथम सर्व मजकूर व छायाचित्रे संगणकावर उतरवून घेतली, कारण बूटलोडरचे कुलूप उघडताच फोन पूर्ण पुसला जातो. मग कुलूप उघडले, नवी रिकव्हरी बसवली, मूळ प्रणालीची संपूर्ण प्रत राखून ठेवली आणि आमच्या मॉडेलची झिप फाइल चढवली. दुसऱ्या मॉडेलची फाइल चढली तर फोनची वीट होते, म्हणून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागला. मग भाषांची यादी उघडली आणि तीत ‘मराठी’ हा शब्द दिसला.

बेळगावात राहणाऱ्यालाच या क्षणाचे मोल कळेल. सरकारी उतारा, नोटीस, बसवरची पाटी यांत मराठी असावी म्हणून येथे अर्ज करावे लागतात, मोर्चे काढावे लागतात. हा पडदा मात्र आमचा होता. त्याची भाषा ठरवायला कोणाची परवानगी लागली नाही. शेजारच्या दुकानदाराने फोन हातात घेऊन विचारले, “सर, ह्यात कन्नड पण येतंय काय?” येते म्हटल्यावर पुढच्या रविवारी तो आपला जुना फोन घेऊन आला. त्याची भाषाही त्याच साखळीत अडकली होती.

येथवर सारे आनंदाचे. परंतु लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. मूळ अँड्रॉइडची पाने मराठीत होती, पण स्वयंसेवकांनी जोडलेल्या सोयींची पाने बरीचशी इंग्रजीतच होती. तेथे कोणतीही कंपनी आडवी आलेली नव्हती. भाषांतराचे दार सताड उघडे होते; आत जाणारी मराठी माणसे थोडी होती.

म्हणून आम्ही काही वाक्ये मराठीत केली आणि तेव्हा कळले की हे काम शब्दकोश घेऊन बसण्याचे नाही. इंग्रजी वाक्यात फाइलचे किंवा ॲपचे नाव घातले की काम भागते. मराठीत फाइल ‘हटवली’, फोल्डर ‘हटवला’ आणि ॲप ‘हटवले’; रिकाम्या जागी कोणते नाम येणार हे ठाऊक नसेल तर क्रियापद चुकते. अशा वेळी ‘हटवण्याचे काम पूर्ण’ अशी लिंगनिरपेक्ष रचना शोधावी लागते. हे हिंदीवरून उतरवून साधत नाही आणि यंत्रावर सोपवूनही नेहमी साधत नाही. त्याला मराठीचा कान लागतो.

आजची स्थिती सांगणे कर्तव्य आहे. सायनोजेनमॉड डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडले. त्याच संहितेतून ‘लिनिएजओएस’ उभे राहिले. मात्र कुलूप उघडलेल्या फोनवर बँकांची अनेक ॲप चालत नाहीत, हमी जाऊ शकते आणि काही कंपन्या कुलूप उघडूच देत नाहीत. ज्यांच्याकडे एकच फोन आहे त्यांनी हा प्रयोग करू नये. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट द्यावी लागतात. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ या मानकाने नव्या फोनवर २२ भारतीय भाषा वाचता येण्याची सोय सांगितली आहे. पण विकलेल्या फोनचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. ती मागणी आपण ग्राहक म्हणून आणि मराठी भाषक म्हणून लावून धरली पाहिजे.

त्याचबरोबर, जे दार उघडे आहे तेथे आपण असले पाहिजे. बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर, कारवार, गोवे, इंदूर, बडोदे, हैदराबाद, कोठेही राहणाऱ्या मराठी माणसाला या भाषांतरात भाग घेता येतो. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. आचारी आणि आचार्य यांतला भेद ज्याला ऐकू येतो, तो या कामास पात्र आहे. न्यायालयाची तारीख आपल्या हाती नाही. रोज दहा वाक्ये मराठीत करणे आपल्या हाती आहे.