०.००१ म्हणजे किती?

मागच्या शनिवारी इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण वेलदोडा.

म्हणजे झालं असं. आमच्या क्लायंटचा बिस्किटांचा कारखाना आहे. कुठल्या दिवशी कुठला माल किती काढायचा हे प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर ठरवतं. गुरुवारी रात्री रन मध्येच मेला. एरर : कन्स्ट्रेंटचं उल्लंघन टॉलरन्स लिमिटच्या बाहेर. सॉल्व्हर कुठलीही अट अगदी काटेकोर पाळत नाही, थोडं इकडे तिकडे चालवून घेतो. सीप्लेक्स घ्या नाहीतर गुरोबी, हे 'थोडं' मुळात ०.०००००१ असतं.

रात्रीचे दीड वाजलेले. सकाळी सातला प्लॅन हवा. मी सरळ टॉलरन्स ०.००१ केला. रन हिरवा झाला, मी घरी जाऊन झोपलो. (सिनियरला विचारलं नाही. कशाला उठवायचं, असं स्वतःला सांगितलं.)

शुक्रवारी अकराला स्टोअरच्या काकांचा फोन. "साहेब, वेलदोड्याचा अर्क संपलाय अन् तुमचा प्लॅन म्हणतो वेलची बिस्किटं काढा. मैदा मळून बसलाय, काय करू?"

मला आधी वाटलं स्टॉकच चुकीचा भरलाय. तपासला, शून्य. बरोबर. मग बसलो कागद घेऊन. दिवसाला एक हजार बॉक्स, बॉक्सला ०.८ ग्रॅम अर्क, म्हणजे ८०० ग्रॅम. पण सिस्टीममध्ये सगळा कच्चा माल टनात, मैदाही आणि अर्कही. ८०० ग्रॅम म्हणजे ०.०००८ टन. माझा टॉलरन्स ०.००१. झालं! रोज एक किलोपर्यंत अर्क हवेतून काढायची परवानगी मीच देऊन ठेवली होती. टॉलरन्स हा नुसता आकडा, त्याला युनिट नसतं. मैद्यात एक किलो कोणाला कळतही नाही, अर्कात तो अख्ख्या दिवसापेक्षा जास्त. आईच्या वहीतही 'मीठ चवीपुरते' एवढंच असतं म्हणा, पण तिथे निदान शेजारी आई असते.

मग मूळ एरर का आला होता? कोणीतरी एका लाइनची क्षमता 'अमर्याद' म्हणून ९९९९९९९९९ भरली होती. एकाच मॉडेलमध्ये एकीकडे हे आणि दुसरीकडे अर्काचं ०.०००००८ च्याही दहावा हिस्सा. दोघांत पंधरा शून्यांचं अंतर, आणि डबल प्रिसिजन नंबरात भरवशाचे अंकच मुळी पंधरा-सोळा. सॉल्व्हर आकडे आधी स्केल करून सोडवतो. तिथे उत्तर बसलं, पण मूळ आकड्यांत परत आणताना लिमिटबाहेर गेलं. बिचारा खरं बोलत होता, मी त्याचं तोंड बंद केलं.

शनिवार त्यातच गेला. अर्क ग्रॅममध्ये आणला, क्षमता खऱ्या पाच हजार बॉक्सवर, टॉलरन्स परत जुन्या जागी. आणि हो, सिनियरला मेल : टॉलरन्स मी बदलला होता, कोणाला न विचारता. हा मेल लिहायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.

नव्या रनमध्ये वेलची बिस्किटं शून्य आली, अर्क येईपर्यंत. काकांना फोन केला.

"आता बरोबर," ते म्हणाले. "पण त्या मळलेल्या मैद्याचं आम्ही ग्लुकोज केलं बरं का, तेवढं तुमच्या त्याच्यात लिहून घ्या."